राणी नसलेला पट

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी या समुद्रकाठच्या शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. भारताची ८८वी, आणि भारतीय स्त्रियांत हम्पी, द्रोणवल्ली हरिका व वैशाली यांच्यानंतरची चौथी. तेव्हा तिचे वय १९ होते. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे तिच्याविषयी मराठीत जे छापून आले, ते मी चंद्रपुरात बसून जमेल तेवढे गोळा केले. बातम्या, अग्रलेख, पुरवण्यांतले लेख, सत्काराचे वृत्तान्त. प्रस्तुत लेख या कात्रणांच्या वाचनातून उभा राहिला आहे. दिव्याची कारकीर्द हा त्याचा विषय आहेच. पण ती कारकीर्द मराठीने कशी वाचली, हा त्याहून अधिक.

कारण कात्रणांचा गठ्ठा वाचून झाल्यावर माझ्या हाती एक विचित्र शिल्लक उरली. दिव्याच्या घरी कोण कोण आहे, आई-वडील दोघे डॉक्टर आहेत, जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून कशी रडली, राज्य सरकारने किती कोटी दिले, हे सगळे मला समजले. ती खेळली काय, हे मात्र कळले नाही. एखाद्या कादंबरीला मोठा पुरस्कार मिळावा, लेखिकेच्या साडीपासून सासरपर्यंत सगळे छापून यावे आणि कादंबरीत काय आहे तेवढे राहून जावे, तसे काहीसे.

तीन शब्द

या लेखनात तीन शब्द पुन:पुन्हा येतात : राणी, लेक आणि चमत्कार.

पहिला शब्द राणी. ‘बुद्धिबळाची राणी’ या धाटणीचे मथळे इतके सर्रास आहेत की ते कुणाला खटकतही नाहीत. मला ते खटकतात, त्याचे कारण साधे आहे. मराठी पटावर राणी नावाची सोंगटीच नाही. आपल्याकडे राजाच्या शेजारी वजीर उभा असतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात बुद्धिबळाचे प्रकरण आहे. सतराव्या शतकात काशीच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने ‘भगवंतभास्कर’ लिहिला, त्यातही या खेळाचे विवरण आहे. हा खेळ आपल्याकडे राजा, त्याचा सल्लागार आणि चतुरंग सैन्य यांचा राहिला. सल्लागाराची राणी झाली ती युरोपात, हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास. आणि ती पटावरची सर्वांत बलाढ्य सोंगटी झाली पंधराव्या शतकाच्या अखेरीस. आपल्या मथळ्यातली राणी इंग्रजी बातमीतून आलेली आहे.

शब्द परका आहे म्हणून तो टाकावा, असे माझे म्हणणे नाही. अडचण वेगळी आहे. सोंगटी हलवली जाते आणि खेळाडू ती हलवतो. खेळणाऱ्या बाईला राणी म्हणणे म्हणजे हलवणाऱ्या हाताला उचलून हलवल्या जाणाऱ्या लाकडांत नेऊन ठेवणे. विश्वनाथन आनंदलाही ‘सम्राट’ म्हटले गेले, असे कुणी म्हणेल. म्हटले गेले खरे. पण त्याच्या डावांवरही लिहिले गेले, त्याची आवडती सुरुवात कोणती, तो कुठे चुकतो, यावर पानवाल्याच्या ठेल्यापर्यंत चर्चा झाली. त्याचे सम्राटपद खेळावर चढवलेला दागिना होता. दिव्याच्या वाट्याला आधी दागिना आला आणि खेळ राहून गेला.

दुसरा शब्द लेक. नागपूरची लेक, विदर्भाची लेक, महाराष्ट्राची लेक. हा शब्द मायेचा आहे आणि मायेविषयी तक्रार करणे अवघड असते. पण लेक म्हटले की लिहिणारा आपोआप बापाच्या जागी जाऊन बसतो, आणि बाप लेकीच्या कामाची चिकित्सा करत नाही. तो भरून येतो. अंतिम सामन्यानंतर आईला मिठी मारतानाचे दिव्याचे छायाचित्र सगळीकडे छापले गेले. ते छापण्याजोगे होतेच. पण त्याच्या शेजारी चार बोटे जागेत शेवटच्या डावातल्या निर्णायक क्षणाचा पट छापावा, हे माझ्या संग्रहातल्या एकाही कात्रणात दिसत नाही.

इथे एक आठवण करून द्यायला हवी. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धा संपल्यावर दिव्याने समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले होते. स्त्री-खेळाडूंचे डाव पाहायला आलेले लोक कपडे, केस, उच्चार असल्या गोष्टींत रमतात आणि खेळाकडे लक्ष देत नाहीत, असा तिच्या म्हणण्याचा आशय. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्या वर्तमानपत्रांनी ती बातमीही आस्थेने छापली. मग दीड वर्षाने त्यांनी जे केले, ते त्या प्रेक्षकांइतके उथळ नव्हते, हेतूही चांगला होता. तरी कपड्यांच्या जागी अश्रू आले आणि केसांच्या जागी कुटुंब आले, एवढाच फरक. खेळ होता तिथेच, चौकटीबाहेर.

तिसरा शब्द चमत्कार. त्याच्याकडे मी शेवटी येईन, कारण आमच्या भागाचे खरे नुकसान तो शब्द करतो.

बसण्याचा हक्क

मराठी मुलींच्या बुद्धिबळाला इतिहास आहे आणि तो दिव्यापाशी सुरू होत नाही. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पाठोपाठ जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी ते पद घरातच ठेवले. १९७६ साली रोहिणी १३ वर्षांच्या होत्या. त्या वयात राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि त्याच सुमारास पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. त्यावरून वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यापासून स्त्रियांना अडवता येणार नाही. युवे स्वतः माजी विश्वविजेते होते. तेरा वर्षांच्या एका मुंबईकर मुलीने जगभरच्या स्त्रियांसाठी हा दरवाजा उघडून घेतला. पुढे रोहिणी १९८१ आणि १९८३ साली आशियाई विजेत्या झाल्या.

खाडिलकरांचे घर वर्तमानपत्राचे. वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. म्हणजे पहिल्या मराठी बुद्धिबळपटू मुली आणि मराठी पत्रकारिता एकाच छताखाली वाढल्या. इतके सान्निध्य असूनही १९७६च्या त्या लढ्यावर सविस्तर लिहिलेले असे एखादे मराठी पुस्तक साहित्याच्या वाचकाला चटकन आठवत नाही, यावरून पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज यावा.

त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांची पिढी आली. दोघींनी राष्ट्रीय विजेतेपद पाच-पाच वेळा मिळवले, दोघी आशियाई विजेत्या झाल्या, दोघींना पद्मश्री मिळाली; अनुपमा यांना तर १९८६ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा. पुढे सांगलीची स्वाती घाटे, पुण्याच्या ईशा करवडे आणि सौम्या स्वामिनाथन. सौम्याने २००९ साली मुलींचे कनिष्ठ जागतिक विजेतेपद जिंकले. भारताकडून ते तिच्याआधी हम्पी (२००१) आणि हरिका (२००८) यांना मिळाले होते. तिच्यानंतर थेट २०२४ साली, गांधीनगरला, दिव्याला.

ही नामावळी देण्याचे कारण असे की दिव्याला ‘पहिली’ ठरवण्याच्या घाईत आपण ही साखळी तोडतो. खाडिलकर भगिनींच्या पिढीने पटासमोर बसण्याचा हक्क मिळवला. साठे-अभ्यंकर पिढीने आशियात जिंकता येते हे दाखवले. त्यानंतर भारतीय स्त्री-बुद्धिबळाचे केंद्र आंध्र-तेलंगण आणि तामिळनाडूकडे सरकले. ते का सरकले, हा प्रश्न मराठीत कुणी गंभीरपणे विचारला असता, तर दिव्या कुठून आली याचे उत्तर शोधायला सोपे गेले असते. एक अपवाद आवर्जून नोंदवतो तसा नोंदवायला हवा : रघुनंदन गोखले यांनी ‘लोकसत्ता’त लिहिलेले ‘चौसष्ट घरांच्या गोष्टी’ हे सदर. तिथे माणसे होती, किस्से होते आणि खेळही होता. असे लेखन मराठीत होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

डाव वाचताना

बुद्धिबळ हा लिहिला जाणारा खेळ आहे. पारंपरिक वेळेच्या डावात दोन्ही खेळाडूंना आपली आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल स्वतःच्या हाताने कागदावर नोंदवावी लागते. तो नियमच आहे. म्हणजे प्रत्येक डाव संपताना एक संहिता मागे ठेवतो. नाटकाचा प्रयोग विरून जातो, गायिकेची मैफल आठवणीत उरते. दिव्याचा डाव मात्र आज रात्री वणीत, वडशात किंवा वरोऱ्यात कुणालाही पाटावर जसाच्या तसा मांडता येतो. ज्या कलेची संहिता इतकी उघडी आहे, तिच्यावर समीक्षा न होण्याला सबब उरत नाही.

मी जाणकार खेळाडू नाही. शाळेत मराठी शिकवले, पोरींना दुपारच्या सुटीत पट मांडून दिला, इतकाच माझा अधिकार. तरीही बटुमीतले डाव समोर ठेवून वाचले की काही गोष्टी माझ्यासारखीलाही दिसतात.

स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या, पद्धत बाद फेरीची, आणि दिव्याचे मानांकन १५वे. चौथ्या फेरीत दुसऱ्या मानांकनाची चीनची झू जिनेर तिच्यासमोर आली. पहिला डाव दिव्याने जिंकला, दुसरा हरली, आणि मग जलद डावांत सामना काढला. उपान्त्यपूर्व फेरीत हरिकाविरुद्ध दोन्ही मुख्य डाव बरोबरीत, मग दोन्ही जलद डाव तिचे. उपान्त्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने जिंकला तो १०१ चालींत. अंतिम सामन्यात हम्पीविरुद्ध दोन मुख्य डाव बरोबरीत, पहिला जलद डाव बरोबरीत, आणि दुसरा, काळ्या सोंगट्यांनी, तिने जिंकला.

या ओळी नुसत्या निकाल म्हणून वाचल्या तरी एक स्वभाव दिसू लागतो. झू जिनेरसमोर हातातली आघाडी गेली. दुसऱ्या दिवशी नव्याने बसावे लागले. तानविरुद्धच्या १०१ चालींच्या डावात पारडे एकदाच झुकून तिथे राहिले नाही. जिंकत आलेला डाव निसटतो, पुन्हा हाताशी येतो. दोघी थकलेल्या, घड्याळ पळते आहे, आणि पटावर फार थोड्या सोंगट्या उरल्या आहेत. अशा वेळी चमकदार बलिदानाला वाव नसतो. प्रतिस्पर्ध्याला दर चालीला एक नवा छोटा प्रश्न घालत राहायचे, एवढेच हाती असते. अंतिम सामन्यातल्या शेवटच्या डावातही हत्ती आणि प्याद्यांच्या अखेरीत दोघींकडून चुका झाल्या. शेवटची चूक हम्पीची ठरली.

म्हणून मला वाटते, दिव्याच्या या विजयाचे मर्म तिच्या बिनचूकपणात शोधू नये. तिने चुका केल्या, त्या पटावर सर्वांना दिसल्या, आणि चूक झाल्यानंतरच्या चालीला ती मागची चूक सोबत घेऊन गेली नाही. हा गुण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दुर्मिळ असतो. आणि तो कमावलेला आहे. २०१२ साली सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद. २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालील आणि २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपद. २०२१ साली महिला ग्रँडमास्टर. २०२२ साली राष्ट्रीय विजेतेपद आणि लगेच पुढचेही, कोल्हापुरात. २०२३ साली अल्माटीला आशियाई विजेतेपद. त्याच वर्षी कोलकात्याच्या जलद स्पर्धेत विश्वविजेती आणि हम्पी असतानाही पहिली. २०२४ साली गांधीनगरला ११ पैकी १० गुण. आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये तिसऱ्या पटावर ११ पैकी ९॥ गुण, एकही पराभव नाही, संघाचे सुवर्ण आणि स्वतःचेही. सात वर्षांखालच्या त्या विजेतेपदापासून बटुमीपर्यंत तेरा वर्षे जातात. तेरा वर्षे चालणाऱ्या गोष्टीला मराठीत साधना म्हणतात, क्वचित नोकरीही म्हणतात. चमत्कार म्हणत नाहीत.

हम्पीविषयीही दोन शब्द. हम्पी २००२ साली, पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाली. तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. २०१७ साली आई झाल्यावर ती खेळात परतली आणि २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची विश्वविजेती झाली. आपल्याकडच्या लेखांत ती ‘पराभूत अनुभवी खेळाडू’ एवढीच उरली. ज्या डावात एक हरते आणि एक जिंकते, तो दोघींनी मिळून लिहिलेला असतो. हम्पीला नीट वाचल्याखेरीज दिव्याच्या विजयाची उंची मोजता येत नाही.

ग्रँडमास्टर कशाला म्हणतात

आता एका गोंधळाविषयी. आपल्या बातम्यांत ‘महिला ग्रँडमास्टर’ आणि ‘ग्रँडमास्टर’ हे किताब सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते दोन वेगळे किताब आहेत. महिला ग्रँडमास्टर हा फक्त स्त्रियांसाठीचा, आणि त्याची अट सौम्य : २३०० गुणांकन आणि ठरलेले तीन निकष. ग्रँडमास्टर हा सर्वांसाठी एकच, त्याला २५०० गुणांकन आणि तीन निकष लागतात. दिव्याला २०२१ साली पहिला मिळाला, २०२५ साली दुसरा. मधल्या चार वर्षांत तिला ग्रँडमास्टरचा एकही निकष पुरा करता आला नव्हता. बटुमीत तो किताब मिळाला तो विश्वचषक विजेतीला थेट किताब देणाऱ्या नियमामुळे.

काही लेखांनी ही गोष्ट सांगितलीच नाही, जणू ती सांगितल्याने यश उणे होईल. काहींनी ती परीकथेसारखी सांगितली. दोन्हीकडे वाचकावर अविश्वास आहे. सरळ सांगावे : नेहमीची वाट तीन टप्प्यांची आहे, ती अजून तिने पुरी केली नव्हती; नियमात दुसरी वाट होती, आणि त्या वाटेवर झू जिनेर, हरिका, तान आणि हम्पी उभ्या होत्या. कोणती वाट सोपी, हे वाचक ठरवील. आता २५००च्या वर टिकून राहणे आणि खुल्या गटात पुरुष ग्रँडमास्टरांशी बरोबरीने खेळणे, हे तिच्यापुढचे काम आहे, हेही त्याच दमात सांगावे. तसे लिहिले तर पुढच्या वर्षी ती एखादी स्पर्धा हरल्यावर ‘काय झाले दिव्याला?’ असे मथळे द्यावे लागणार नाहीत.

खोटे सांगितले की काय होते, याचे उदाहरण त्याच जॉर्जियातले आहे. नोना गाप्रिंदाश्विली ही १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षे विश्वविजेती होती आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळालेली जगातली पहिली स्त्री. २०२० साली ‘द क्वीन्स गँबिट’ ही मालिका जगभर गाजली. तिच्यात काल्पनिक नायिकेची उंची वाढवण्यासाठी नोनाविषयी एक वाक्य घातले होते की ती पुरुषांशी कधी खेळलेलीच नाही. प्रत्यक्षात ती डझनावारी पुरुषांशी खेळली होती. ऐंशी वर्षांच्या नोनाने २०२१ साली खटला भरला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. काल्पनिक राणीला मोठे करण्यासाठी खऱ्या खेळाडूचे डाव पुसले गेले, असा तो प्रकार. आपले मथळे इतके पुढे गेलेले नाहीत. पण दिशा ओळखीची वाटते.

झाडीत ही गोष्ट कशी पोचते

हे सगळे चंद्रपुरात बसून लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. विश्वचषकानंतर काही दिवसांनी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले होते, सोबत ही कात्रणे होती. ओळखीच्या शिक्षिकेच्या घरी आठवीतली एक मुलगी बसली होती. तिने ती सगळी वाचली, अगदी मन लावून वाचली, आणि शेवटी विचारले, “मॅडम, पण थे कशी जितली जी?” तिला दिव्याच्या घरचे सगळे समजले होते. हव्या त्या प्रश्नाचे उत्तर एवढ्या कागदांत कुठेच नव्हते.

चमत्कार या शब्दाचे नुकसान इथे कळते. नागपूरकर वाचकाला चमत्कार परवडतो. त्याच्या शहरात दिव्याआधी रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोन ग्रँडमास्टर झाले आहेत, प्रशिक्षक आहेत, गुणांकनाच्या स्पर्धा भरतात. दिव्याचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी नागपूरचेच. ते २०२० साली गेले, आणि आपला ग्रँडमास्टर किताब दिव्याने त्यांना अर्पण केला, कारण ती ग्रँडमास्टर व्हावी हे त्यांचे स्वप्न होते. म्हणजे ‘विदर्भाची लेक’ म्हणताना आपण जिला विदर्भ म्हणतो, ती प्रत्यक्षात एका शहरातली, अनेकांनी मिळून उभी केलेली व्यवस्था आहे. भामरागडच्या मुलीला ती व्यवस्था गाठायची तर आधी गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, मग तेवढेच पुढे नागपूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तेही बंद. जिल्हा होऊन ४३ वर्षे झाली. रेल्वे अजून वडशाच्या कडेने जाते. आणि १ मार्च २०२४ पासून जागतिक महासंघाने गुणांकनाची किमान पातळी १००० वरून १४०० वर नेली आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर पाय ठेवायलाच आता अधिक तयारी हवी, आणि तयारीसाठी आपल्याहून बरे खेळणारे समोर बसायला हवे.

या मुलीला ‘चमत्कार घडला’ असे सांगणे म्हणजे ‘तो तुझ्याकडे घडायचा नाही’ असे सभ्य शब्दांत सांगणे. ‘सहाव्या-सातव्या वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा, मग तेरा वर्षे, अमुक प्रशिक्षक, इतका प्रवास, एवढ्या चुका, आणि हा घ्या तो डाव’ असे सांगितले, तर तिच्यासमोर निदान एक हिशेब येतो. हिशेबावर भांडता येते, कुणाकडे तरी मागणी करता येते. चमत्काराकडे मागणी करता येत नाही.

मागणी केल्याने काय होते, ते आमच्याच जिल्ह्याने पाहिले आहे. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले; त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. ज्या मुलांनी बर्फ पाहिलेला नव्हता, ती निवडली गेली, त्यांना शिकवले गेले, खर्च उचलला गेला, आणि ती चढली. झाडीतल्या मुलांत काही कमी आहे का, या शंकेचे उत्तर तिथे मिळून गेले. पण शिखर एकदा चढता येते. बुद्धिबळाला तेरा वर्षे दर महिन्याला चढावे लागते, आणि त्यासाठी मोहिमेपेक्षा व्यवस्था लागते.

अशी व्यवस्था छोट्या प्रदेशात उभी राहते का? पुन्हा जॉर्जियाकडे पाहू. २०११च्या जनगणनेत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ३३ लाख आहे. नोना विश्वविजेती झाली तेव्हा जॉर्जिया सुमारे ४० लाखांचा होता. ती झुगदिदीसारख्या लहान गावातली. तिच्यानंतर माया चिबुर्दानिद्झे, कुताइसीची, १९९१ पर्यंत विश्वविजेती राहिली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे स्त्रियांचे विश्वविजेतेपद आमच्या दोन जिल्ह्यांहून थोड्याच मोठ्या एका डोंगराळ प्रदेशाकडे होते. तिथे मुलीच्या आंदणात बुद्धिबळाचा पट देण्याची रीत होती, असे सांगतात. ते खरे असो वा दंतकथा; १९७०च्या दशकात तिबिलिसीत बुद्धिबळासाठी खास भवन उभे राहिले, ही दंतकथा नाही. दिव्या जिंकली ती त्या भूमीवर, हे लिहिण्याजोगे होते. पण बटुमी आपल्या बातम्यांत केवळ स्थळाचे नाव म्हणून आले.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी हीच तक्रार मी अनेक वर्षे करते आहे. धान निघाल्यावर रात्र-रात्र चालणारी नाटके, हजारोंची गर्दी, याचे कौतुक पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत दर हिवाळ्यात येते. त्या नाटकांची संहिता कुणी वाचत नाही, दुसऱ्या अंकात काय बिघडले हे कुणी लिहीत नाही. दुरून केलेल्या कौतुकात एक प्रकारचा निरोप असतो. चिकित्सा करणारा मात्र जवळ येऊन बसतो.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक सुचवावेसे वाटते, आणि ते फार खर्चाचे नाही. पुढच्या वर्षी दिव्याचा एक डाव पूर्ण छापा. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत, देवनागरीत, चार ठिकाणी पटाची आकृती देऊन, आणि प्रत्येक वळणावर ती काय विचार करत असावी, कुठे चुकली, कुठून परतली, हे साध्या मराठीत समजावून. तानविरुद्धचा १०१ चालींचा घ्या. लांब आहे, पण आमच्याकडचे लोक रात्रभर नाटक बघतात, लांबीला भीत नाहीत. तो अंक तालुक्याच्या ग्रंथालयात येईल, तिथून एखाद्या आश्रमशाळेत जाईल, आणि दोन मुली त्यावरून पट मांडतील. त्यांतली एखादी सत्तराव्या चालीला थांबून म्हणेल, इथे मी असते तर घोडा हलवला असता. ती चाल कदाचित चुकीची असेल. पण त्या क्षणी ती मुलगी दिव्याला पाहत नसेल, दिव्याशी खेळत असेल.